बुटक्या छपरावर बेल्ट पुरत नाही: पत्रे, कौलं आणि गच्चीवरच्या कामासाठी सुरक्षेची तयारी, टप्प्याटप्प्याने

मे महिना लागला की गावोगावी माणसं छपरावर दिसू लागतात. कोकणात शाकारणी असते, देशावर गोठ्याचे आणि शेडचे पत्रे कसायचे असतात, शहरात गच्चीवर वॉटरप्रूफिंग चालू असतं. वादळ येऊन गेलं तर घाई आणखी वाढते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी घरांवरचं छप्पर उडालं. डोक्यावर पाऊस असताना हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना पट्टे असलेला सुरक्षेचा साज, शोधायला कोण जाणार? म्हणून ही तयारी सवड असते तेव्हाच करून ठेवायची.

उंचावरच्या कामाची चर्चा निघाली की हल्ली सगळे हार्नेसचं नाव घेतात. हार्नेस हवाच. पण तो घेतला की झालं, ही समजूत आपल्याकडच्या घरांच्या बाबतीत चुकीची आहे. आपली बहुतेक छपरं दहा ते पंधरा फुटांवर असतात. बाजारात हार्नेससोबत मिळणारी सहा फुटी दोरी (लॅनयार्ड) आणि झटका शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर उंच इमारतींच्या हिशेबाने बनवलेले असतात. बारा फुटांच्या छपरावर हा संच पडणं पुरतं थांबवण्याआधीच माणूस जमिनीवर आदळतो. हिशेब पुढे मांडला आहे. पण त्यामुळे खरेदीचा क्रम बदलतो: आधी फळ्या आणि शिडी, मग दोर बांधायची भक्कम जागा, मग मोजून ठेवलेला दोर, आणि मग हार्नेस.

पहिला टप्पा: वर चढायलाच हवं का?

एखाद-दुसरं कौल फुटलं असेल तर ते घराच्या आतून बदलता येतं. माळ्यावर किंवा पक्क्या घोडीवर उभं राहायचं, वरच्या ओळीचं कौल काठीने किंचित उचलायचं, फुटकं काढायचं आणि नवं सरकवायचं. जुने कारागीर अशी कामं आतूनच करतात, कारण छपरावर एक माणूस चढला की आणखी चार कौलं फुटतात हे त्यांना ठाऊक असतं. पन्हळीतला पाला लांब दांड्याच्या झाडूने किंवा शिडीवरूनच काढता येतो. सोलर पॅनलची धूळ गच्चीवर उभं राहून टेलिस्कोपिक दांड्याच्या वायपरने निघते. पत्र्यांची कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, जमिनीवरच जोडून, रंगवून मग वर चढवली तर वरचं काम निम्म्याने कमी होतं.

दोन-तीन दिवसांचं काम असेल तर परांची बांधणं सगळ्यात चांगलं. कठडा असलेली परांची सगळ्यांना सांभाळते, विसरभोळ्यालाही. हार्नेस फक्त तो नीट घालून नीट अडकवणाऱ्याला सांभाळतो. परांचीचा कठडा उभ्या माणसाच्या कमरेच्या वर, साडेतीन फुटांच्या आसपास हवा, मध्ये एक आडवी काठी हवी आणि पायाशी सहा इंचांची उभी फळी हवी, म्हणजे हातोडी लाथेने खाली जाणार नाही. बांबूची परांची चालते, फक्त ती घराला ठिकठिकाणी बांधलेली हवी आणि तिच्या फळ्या दोन्ही टोकांना जखडलेल्या हव्यात.

दुसरा टप्पा: छप्पर खालून वाचा

कडेवरून पडणं सगळ्यांच्या डोक्यात असतं. पत्रा फुटून आत पडणं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि शेड-गोठ्यांवर हाच मोठा धोका आहे. खाली सिमेंटचा कोबा, दगडी गव्हाण किंवा यंत्र असतं आणि मध्ये धरायला काही नसतं.

सिमेंटचा पत्रा कधीही माणसाचं वजन पेलेल असं धरून चालू नका. नवा असताना तो कदाचित पेलतोही. पण पंधरा-वीस पावसाळे खाल्लेला, शेवाळलेला, बोल्टच्या भोकापाशी तडकलेला पत्रा सूचना न देता फुटतो. बोल्टच्या ओळीवरून चाललं की काही होत नाही, असं मिस्त्री सांगतात. त्यात एवढंच खरं आहे की त्या ओळीखाली पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा दांडा, असतो. पण पर्लिनची रुंदी दोन-तीन इंच, पाऊल दहा इंच, आणि तोल गेला की माणूस पाऊल टाकतो ते ओळ सोडूनच. लोखंडी पत्र्यावर बोल्टच्या ओळीने चालायला हरकत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर फळीशिवाय पाऊल नको.

उजेडासाठी मधेमधे टाकलेले फायबरचे पत्रे त्याहून फसवे. उन्हाने ते ठिसूळ होतात आणि धुळीने आजूबाजूच्या पत्र्यांसारखेच दिसू लागतात. खाली उभं राहून पाहिलं तर उजेड झिरपणारे पत्रे लगेच कळतात. त्यांचा नकाशा कागदावर काढा आणि वर गेल्यावर पहिलं काम म्हणून, फळीवरूनच, त्यांच्या चारी कडांना लाल रंग मारा. लोखंडी पत्रा असेल तर खालून गंजाचे डाग, भोकं आणि सुटलेले बोल्ट पाहून घ्या. कौलारू घरात वासे आणि रिपा टोचून पाहा. वाळवी लागलेला वासा वरून कधीच कळत नाही. आतून स्क्रूड्रायव्हर रुतला की कळतो.

जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षं तिथेच राहते. असा पत्रा कोरडा कापायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, वरून फेकून फोडायचा नाही. पाणी मारून भिजवायचा, बोल्ट कापून सबंधच्या सबंध खाली उतरवायचा. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, एफएफपी ३ दर्जाचा मास्क लागतो. अंगावरचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे.

तिसरा टप्पा: फळ्या

सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू हीच. फळी किमान दीड फूट रुंद हवी. लांबी अशी की ती निदान दोन, शक्यतो तीन पर्लिनांवर टेकेल. सिमेंटच्या पत्र्याखाली पर्लिन साधारण साडेचार फुटांच्या आत असतात, म्हणून दहा-बारा फुटी फळी सोयीची. दोन इंच जाडीचं लाकूड वापरा. गाठी आणि चिरा असलेली फळी घेऊ नका. गावातल्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपची हलकी चौकट करून तिला चेकर्ड पत्रा लावून घेतला तरी चालतो, फक्त दोन माणसांना ती छपरावर सरकवता आली पाहिजे.

उतार असेल तर फळीवर फूट-फूट अंतरावर आडव्या पट्ट्या ठोका आणि वरच्या टोकाला आढ्यावर अडकणारा आकडा लावा. आकड्याची फळी म्हणजे छपरावर आडवी पडलेली शिडीच; कौलारू घरांवर तिच्याशिवाय काम करू नये.

फळ्या किमान दोन घ्या, तीन असतील तर उत्तम. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. एकच फळी असली की ती हलवताना माणूस पत्र्यावरच उभा राहतो, म्हणजे फळी असून नसल्यासारखी.

चौथा टप्पा: शिडी

शिडीचा नियम चारास एक. बारा फुटांवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून तीन फूट. तपासायची सोपी रीत: शिडीच्या पायाला पावलांची बोटं टेकवून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे, तळवे पायरीपर्यंत नेमके पोचले की कोन बरोबर. शिडी वळचणीच्या वर निदान तीन फूट जायला हवी, कारण शिडीवरून छपरावर पाऊल टाकताना हाताला धरायला काहीतरी लागतं. बहुतेक घरांत शिडी नेमकी छपरापर्यंतच पोचते आणि उतरताना माणूस पायाने पायरी चाचपत राहतो.

वरचं टोक बांधा. ते बांधून होईपर्यंत खाली कुणीतरी पाय देऊन उभं राहिलं पाहिजे. सारवलेल्या अंगणात किंवा गुळगुळीत फरशीवर शिडीखाली रबर किंवा ओलं गोणपाट घाला आणि मागे वाळूचं पोतं टेकवा. ड्रम, खुर्ची, विटांचा ढीग यांवर शिडी ठेवायची नाही. बांबूच्या शिडीच्या पायऱ्यांचे बंध दरवर्षी नव्याने आवळा. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत. हत्यारं पिशवीत घालून दोराने नंतर ओढून घ्यायची.

वीजवाहिनी जवळ असेल तर ॲल्युमिनियमची शिडी अंगणात आणूच नका. उघड्या तारेपासून शिडी, पत्रा आणि माणूस किमान दहा फूट दूर हवा. बारा फुटी पत्रा उभा धरून वळवताना हे अंतर क्षणात संपतं. घराला लागून तार जात असेल तर महावितरणकडे आधी अर्ज करून काम होईपर्यंत पुरवठा बंद करून घ्या. १९१२ हा त्यांचा मदत क्रमांक. “आत्ता लाइट गेलेलीच आहे” या भरवशावर कुणीही वर चढू नये. ती कधी येईल ते छपरावरच्या माणसाला कोण सांगणार?

पाचवा टप्पा: दोर कशाला बांधायचा?

हार्नेस कितीही चांगला असला तरी दोराचं दुसरं टोक कशाला बांधलंय यावर सगळं ठरतं. पडणारा माणूस झटक्याने थांबतो तेव्हा त्याचं वजन काही काळ कित्येक पटींनी वाढल्यासारखं होतं. म्हणून अमेरिकी नियमांत एका माणसामागे ५,००० पाउंड, म्हणजे जवळपास २,२७० किलो झेलणारी जागा मागतात. घरी मोजायचं कसं? एखादी छोटी मोटार जिथून निर्धास्त टांगून ठेवाल अशी जागा शोधा.

चालतील अशा जागा: आरसीसीचा कॉलम किंवा बीम, जिन्याच्या खोलीचा खांब, काँक्रीटमध्ये पक्का गाडलेला लोखंडी खांब, आणि घराच्या पलीकडच्या बाजूला असलेलं आंबा-फणसासारखं जून झाड, तेही बुंध्यापाशी. बुंध्याला बांधलेला दोर आढ्यावरून या बाजूला घ्यायचा ही रीत कौलारू घरांना सोयीची पडते. आढ्यावर जिथे दोर घासतो तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा उभा चिरलेला तुकडा किंवा दुहेरी गोणपाट घालायचं. पत्र्याची कड ताणलेला दोर सुरीसारखी कापते.

न चालणाऱ्या जागांची यादी लांब आहे, कारण माणसं नेमकी तिथेच बांधतात: प्लास्टिकची पाण्याची टाकी, तिचा पाइप, डिश अँटेना, चार इंची विटांचा कठडा, गंजलेलं रेलिंग, पर्लिनचं टोक, सोलर पॅनलची चौकट, खिडकीचं ग्रिल. गाडीला किंवा ट्रॅक्टरलाही बांधू नका. दुसऱ्याच कुणीतरी गाडी काढली तर काय होईल याची कल्पना करा.

खांबाला वेढा घालायला तयार वेब स्लिंग, म्हणजे विणलेला मजबूत पट्टा, मिळते. तिची दोन्ही टोकं स्क्रू-लॉकच्या कॅराबिनरमध्ये (उघड-बंद होणाऱ्या धातूच्या कडीत) घेतली की पक्की जागा तयार होते. दोर ११ किंवा १२ मिलिमीटरचा, आत गाभा आणि वर विणलेलं वेष्टण असलेला, कमी ताणणारा घ्यायचा. गुरांच्या दुकानात मिळणारा पिवळा किंवा निळा प्लास्टिकचा दोर ताडपत्रीसाठी ठीक. उन्हाने तो पिठासारखा भुगा होतो आणि गाठीपाशी सरकतो. दोराला टोकाला शिवलेला किंवा कारखान्यात केलेला फासा असेल तर उत्तम, नाहीतर दुहेरी आठाची गाठ. कोणतीही गाठ मारली की दोराची ताकद बरीच कमी होते हे लक्षात ठेवून दोर आधीच भरभक्कम घ्यावा.

सहावा टप्पा: दोराची लांबी, म्हणजे खरा हिशेब

आता सुरुवातीला सांगितलेला मुद्दा. समजा तुम्ही पायाच्याच पातळीवर कुठेतरी दोर अडकवला आहे आणि सोबत नेहमीचा सहा फुटी लॅनयार्ड आहे. पडलात तर आधी सहा फूट दोर ताठ होणार. मग शॉक ॲब्सॉर्बर उसवत साडेपाच फुटांपर्यंत लांबू शकतो. झटका कमी करण्यासाठी तो तसाच बनवलेला असतो. हार्नेसची कडी पाठीवर असते, तिच्याखाली तुमचं पाच फूट शरीर लोंबतं. शिवाय तीन फूट राखीव, कारण हार्नेसही ताणतो आणि हिशेब कधीच काटेकोर नसतो. बेरीज साडेएकोणीस फूट. म्हणजे बांधलेल्या जागेच्या खाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा नसेल तर हा संच तुम्हाला वाचवत नाही.

बारा फुटांवरून पडलेला माणूस एक सेकंदही न लागता जमिनीवर येतो, तेही ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने. सावरायला, काही पकडायला वेळ नसतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, दोर डोक्याच्या वर बांधायचा, म्हणजे पडायला अंतरच उरत नाही. शेडच्या आत, बीमखाली काम करताना हे जमतं. छपरावर असताना डोक्यावर आभाळच असतं. दुसरा उपाय आपल्या घरांना लागू पडतो: दोर इतका आखूड ठेवायचा की तुम्ही कडेपर्यंत पोचूच शकणार नाही. पडल्यावर झेलण्याऐवजी पडूच न देणं.

करायचं असं. बांधायच्या जागेपासून आढ्यापर्यंत आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत अंतर टेपने मोजा. तुमचा पाय कडेच्या तीन फूट अलीकडे थांबेल इतकाच दोर ठेवा आणि त्या ठिकाणी दोराला मोठी गाठ मारा. दोरावर रोप ग्रॅब, म्हणजे दोर आणि हार्नेस जोडणारी सरकती पकड, लावा. वर जाताना तो सरकतो, खाली झटका बसला की धरतो. त्याच्यावर बाणाची खूण असते, बाण नेहमी बांधलेल्या जागेकडे. उलटा लावलेला रोप ग्रॅब धरत नाही, म्हणून लावल्यावर हाताने झटका देऊन पाहायचा. तो कोणत्या जाडीच्या दोरासाठी आहे हे त्याच्यावर छापलेलं असतं, तेही जुळलं पाहिजे. गाठीमुळे तो ठरलेल्या जागेच्या पुढे जाऊच शकत नाही. वर जाण्याआधी तेवढाच दोर अंगणात पसरून, हार्नेस घालून, चालून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि मापातली चूक जमिनीवरच सापडते.

कडेचं काम, म्हणजे वळचणीचा पत्रा किंवा पन्हळ, या दोराने होणार नाही. ते शिडीवरून किंवा परांचीवरून करायचं.

दोन इशारे. कौलारू छपरासारखा उभा उतार असेल तर तुमचं वजन सतत दोरावर येतं. तिथे आढ्याला अडकवलेल्या फळीवर उभं राहायचं आणि दोर फक्त जोडीला ठेवायचा. दुसरं, दोर मधोमध बांधलेला असताना घराच्या टोकाला काम करू नका. घसरलात तर झोक्यासारखे फिरत जाऊन भिंतीवर किंवा कोपऱ्यावर आदळाल. जागा बदलली की दोराची जागाही बदलायची, कंटाळा आला तरी.

सातवा टप्पा: हार्नेस

कमरेचा पट्टा नको. पडताना सगळा झटका कमरेवर बसतो, आतल्या अवयवांना इजा होते, माणूस त्यातून निसटूही शकतो. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं झेलण्यासाठी असा पट्टा वापरायला बंदी आहे. आपल्याकडे दुकानात ‘सेफ्टी बेल्ट’ मागितला की अजूनही कमरेचा पट्टा पुढे येतो, म्हणून ‘फुल बॉडी हार्नेस’ असंच म्हणायचं.

लेबलवर आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ (युरोपीय मानक) हा क्रमांक, बनवल्याची तारीख आणि वजनाची मर्यादा पाहा. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्याजवळचा सीएम/एल परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून तपासता येतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या मालाबाबत मी हे न चुकता करायला सांगतो. वजनाची मर्यादा पुष्कळदा १०० किलो असते आणि त्यात अंगावरची हत्यारंही धरायची. शॉक ॲब्सॉर्बरचं काम झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलोच्या आत ठेवणं हे आहे. तो नसलेला नुसता दोर हार्नेसला बांधून मोठ्या उंचीवर काम केलं, तर दोर तुटणार नाही पण माणूस मोडेल.

घालण्याची रीत: पाठीची कडी धरून हार्नेस उचला आणि झटका, गुंता आपोआप सुटतो. जॅकेटसारखा खांद्यावर घ्या. मांड्यांचे पट्टे आधी, छातीचा नंतर. पट्ट्याखाली सपाट तळवा जावा, मूठ जाऊ नये. पाठीची कडी दोन्ही खांदेफळांच्या मधोमध बसली पाहिजे. उकडतं म्हणून मांडीचे पट्टे सैल सोडणारी माणसं जागोजागी दिसतात. झटका बसला की त्याच पट्ट्यांनी भयंकर इजा होते. नवा हार्नेस असेल तर जमिनीपासून वीतभर वर लोंबकळून पाहा, कुठे रुततो ते लगेच समजतं.

परांचीवर किंवा टॉवरवर सरकत काम करायचं असेल तर दोन दोऱ्यांचा लॅनयार्ड घ्या. एक आकडा अडकवल्याशिवाय दुसरा काढायचा नाही.

हेल्मेट, बूट वगैरे

हेल्मेट आयएस २९२५ चं, हनुवटीच्या पट्ट्यासह आणि तो पट्टा लावून. पडताना हेल्मेट पहिल्यांदा निसटतं. मोटारसायकलचं हेल्मेट नको, त्यात वर-खाली बघता येत नाही. चप्पल घालून छपरावर जायचं नाही. कौलांवर काम करणारे बरेच जण अनवाणी चढतात आणि पायाला कौल कळतं असं सांगतात. त्यात तथ्य असेलही, पण खिळे आणि मे महिन्यातला पत्रा दोन्ही पायाला तितकेच कळतात. मऊ रबरी तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट घ्या. पत्रे उचलताना जाड, न कापले जाणारे हातमोजे लागतात. हत्यारं मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधा.

आठवा टप्पा: कामाचा दिवस

सकाळी दव वाळल्यावर सुरुवात करा आणि अकराच्या आत वरचं काम थांबवा. तापलेल्या पत्र्यावर घेरी येते आणि घेरी आलेल्या माणसाला ती आल्याचं उशिरा समजतं. वाऱ्यात पत्रा उचलू नका. मोठा पत्रा शिडासारखा फुगतो आणि धरणाऱ्यालाच घेऊन जातो. वळवाची चिन्हं दिसली की सुटे पत्रे दोराने जखडून खाली उतरा. उपाशीपोटी, जागरण करून किंवा आदल्या रात्रीची उतरलेली नसताना कुणाला वर पाठवू नका, मग तो कितीही जुना जाणता असो.

एकट्याने काम नाही. खाली एक माणूस हवा, फोन खिशात, नजर वर. घराभोवती पाच-सहा फुटांत दोरी लावा. पोरं, गुरं आणि सल्ले द्यायला जमणारी मंडळी दोरीबाहेर.

सोलर पॅनल बसवणं आणि धुणं हे नवं काम घरोघरी आलं आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू झाल्यापासून तर फारच. पॅनलच्या काचेवर पाय ठेवायचा नाही. ती फुटते आणि ओली झाली की घसरते. घरातलं मेन स्विच बंद केलं तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत वीज असते. तिचा धक्का बसला की पुढचं काम उंचीच करते.

उंच इमारतींना रंग देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे दोनच प्रश्न सोसायटीच्या सचिवांनी विचारावेत. रंगारी बसतो त्या लटकत्या पाटाच्या दोराखेरीज दुसरा स्वतंत्र दोर, वेगळ्या जागी बांधलेला आणि हार्नेसला रोप ग्रॅबने जोडलेला आहे का? आणि कठड्याच्या कडेवर दोराखाली काही घातलंय का? यातल्या एकाचंही उत्तर नाही आलं तर काम थांबवा, रंग पावसाळ्यानंतर दिला तरी चालतो.

कुणी लटकलं किंवा पडलं तर

हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचत जातं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्याला खाली कसं आणायचं हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं हवं. बुटक्या घराला दुसरी शिडी तयार ठेवली तरी पुरतं. लटकलेला शुद्धीवर असेल तर त्याने पाय हलवत राहावं, शक्य असेल तर दोराचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहावं. खाली घेतल्यावर नेहमीचेच प्रथमोपचार: आडवं झोपवा, श्वास पाहा, श्वास नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

जमिनीवर पडलेल्याला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मान आणि पाठ हलू न देता १०८ ला फोन करा. चारचाकीच्या मागच्या सीटवर दुमडून नेण्यात मणक्याला जास्त इजा होते.

माणसं आणताना

छप्पर तुमचं, काम दुसऱ्याचं, तर साहित्य कुणाचं हे बोलून घ्या. दर ठरवताना फळ्या, दोर आणि परांचीचा खर्च वेगळा धरायला सांगा, म्हणजे तो घासाघिशीत उडणार नाही. ज्या कामगारांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात आहे त्यांना मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो, त्यात हार्नेस, हेल्मेट आणि बूट असतात. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवसांचं बांधकामाचं काम लागतं. हा संच पुष्कळांच्या घरी पेटीत तसाच पडून असतो. कामाला येताना घेऊन यायला सांगा, आणि आल्यावर त्याची लेबलं आणि शिलाई तुम्हीही पाहा.

एका घराला हे सगळं वर्षातून चारच दिवस लागतं. वाडीतल्या पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक संच घेतला तर खर्च अंगावर येत नाही: तीन फळ्या, एक लांब शिडी, तीस मीटर दोर, दोन स्लिंग, चार कॅराबिनर, रोप ग्रॅब, दोन हार्नेस, दोन हेल्मेट. एकाच घरी ठेवा आणि वहीत कुणी कधी नेलं ते लिहा.

साठवण आणि तपासणी

दर वापराआधी पट्टे बोटांत धरून, उलटे वाकवून पाहा: कापलेलं, वितळलेलं, कडक झालेलं, रंग उडालेलं काही आहे का. शिलाईचा एकही धागा सुटलेला नको. आकड्याची जीभ सोडल्यावर आपसूक बंद झाली पाहिजे. एकदा पडणं झेललेला हार्नेस, लॅनयार्ड आणि दोर पुन्हा वापरायचा नाही. कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून नेतो. काही झालं नसलं तरी उत्पादकाने दिलेली मुदत संपली की तेच. बॅटरीचं ॲसिड, थिनर आणि ओलं सिमेंट यांपासून पट्टे लांब ठेवा, त्यांच्यावर रंगाने किंवा मार्करने नाव लिहू नका. मळले तर कोमट पाणी आणि साधा साबण, वाळवणं सावलीत. आणि माळ्यावर नुसतं टांगून ठेवू नका, झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा, कारण उंदीर पट्टे कुरतडतात आणि नेमके घडीच्या आत, जिथे चटकन नजर जात नाही.